पडद्यावरचा राक्षस: तुमची नेमकी कशाने टरकते?

'हॉरर बघता का?' याला सरळ हो किंवा नाही असं उत्तर नसतं. गॉडझिला चवीने बघणारे झपाटलेलं घर आलं की उठून जातात, आणि भुतांना न जुमानणारे सुई दिसली की डोळे मिटतात. राक्षसपट, स्लॅशर (एकेकाला गाठून मारणारा खुनी), झॉम्बी, बॉडी हॉरर (स्वतःच्याच शरीराची भीती), फाउंड फुटेज (पात्रांनीच चित्रित केल्यासारखा सिनेमा)... तुमचा प्रांत कोणता, आणि कुठे हात टेकता? सविस्तर लिहा. 'मला कशाचीच भीती वाटत नाही' एवढंच लिहायचं असेल तर मनात ठेवा.

*

माझा प्रांत महाकाय प्राण्यांचा. १९५४चा मूळ 'गॉडझिला' हसायच्या तयारीने लावला होता. रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातली घरं तुडवणार, दुसरं काय! पण त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, आणि सिनेमा सुरूच होतो तो समुद्रात नाहीशा होणाऱ्या बोटीने. इस्पितळात एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर धरतात, तिथे माझं हसू विरलं. त्या दृश्यात राक्षस नाहीच.

बाकी कारागिरीही बघा. पोशाखात बहुतेक वेळ हारुओ नाकाजिमा. चित्रण जास्त वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवलं, म्हणून पाऊल इतकं जड पडतं.

*

स्लॅशर. मुखवटा, सुरी आणि ऐन वेळी न लागणारा फोन. भीती कसली, पुढचा नंबर कोणाचा यावर आमच्या पैजा लागतात. 'हॅलोविन'मधला (१९७८) तो भावशून्य चेहरा म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा पांढरा रंगवलेला, हे कळल्यापासून तर अजूनच मजा येते.

*

राक्षस बाहेरून आला तर मला चालतो. आपल्यातूनच निघाला की संपलं. 'द फ्लाय'मध्ये (१९८६) नायक आरशासमोर उभा राहून नख ओढतो आणि ते अलगद हातात येतं. पुढे गळून पडलेले अवयव तो औषधांच्या कपाटात जपून ठेवतो, वर त्याला संग्रहालय म्हणतो. हा विनोद मला झेपला नाही. घरात लांबलेलं आजारपण पाहिलंय. माणूस स्वतःच्या शरीराबद्दल असंच बोलायला लागतो, ऐकणाऱ्याला कळत नाही हसावं की काय. मेकअपला ऑस्कर मिळालं ते रास्तच. पुन्हा बघणार नाही.

*

'न दिसणारा राक्षसच खरा' हे फार झालं आता. 'जॉज'चा (१९७५) यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने पिवळी पिंपं आणि संगीतावर भागवलं. त्या नाइलाजाचं लोकांनी शास्त्र करून टाकलं!

'द थिंग' (१९८२) बघा. तुटलेल्या मुंडक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते चालू लागतं, सगळं लख्ख उजेडात. मेकअप इफेक्ट्सवाल्या रॉब बॉटिनने हे केलं तेव्हा तो जेमतेम विशीत होता. नंतर कोणाच्या आत राक्षस आहे हे शोधायला रक्तचाचणी होते, तीत नुसती तापवलेली तार आणि रक्ताच्या बशा आहेत, तरी श्वास अडकतो. का? आत काय दडलेलं असू शकतं ते आधी पोटभर दाखवलंय म्हणून.

*

फाउंड फुटेज, पण नाइलाजाने अर्धंच. 'ब्लेअर विच'ला (१९९९) भीतीच्या आधी मळमळ सुरू झाली, इतका कॅमेरा हलतो. मग डोळे मिटून नुसतं ऐकत बसले. तो प्रकार जास्त वाईट निघाला. कोणी करू नका.

*

आवाजाबद्दल अगदी अगदी! गॉडझिलाची डरकाळी म्हणजे राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून काढलेला आवाज. कल्पना संगीतकार अकिरा इफुकुबे यांची. हे माहीत असूनही हेडफोनवर पोटात गोळा येतो.

आणि झॉम्बींवर कोणीच कसं लिहिलं नाही? माझ्यापुरतं सांगतो: रखडत चालणारे चालतात, पळणारे नकोत. रखडणाऱ्यांकडे बघत दार लावायचं की पळायचं यावर माणसं भांडत बसतात, आणि मला ते भांडणच बघायचं असतं.