पोस्टग्रेस: ऑटोव्हॅक्यूम चालूनही मेलेल्या ओळी हटत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची प्रोग्रामर. डेटाबेस सांभाळणारे सहकारी दुसऱ्या कामावर गेले आणि पोस्टग्रेसचा सर्व्हर माझ्याकडे आला. एसक्यूएल लिहिता येतं, पण सर्व्हर सांभाळणं हे निराळंच काम आहे आणि ते मला मुळापासून शिकायचंय.

अडचण अशी: ऑर्डरच्या टेबलवर दिवसभर अपडेट चालू असतात. अपडेट झालं की जुनी ओळ तशीच राहते, नवी लिहिली जाते आणि जुनीची सफाई व्हॅक्यूम करतो (आपोआप चालतो तो ऑटोव्हॅक्यूम), इथवर कळलंय. पण 'पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स'मध्ये शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची वेळ ताजी दिसते, तरी 'एन_डेड_टप'चा, म्हणजे मेलेल्या ओळींचा, आकडा चढताच. 'व्हॅक्यूम व्हर्बोज' चालवला, तर म्हणतो ओळी मेल्यात पण अजून काढता येत नाहीत. स्केल फॅक्टर (टेबलचा किती हिस्सा मेला की ऑटोव्हॅक्यूम सुरू व्हावा ते प्रमाण) मूळच्या ०.२ वरून ०.०५ केला, काही फरक नाही. 'व्हॅक्यूम फुल' टेबलला पूर्ण लॉक लावतो, साधे सिलेक्टसुद्धा खोळंबतात, त्यामुळे चालू सिस्टीमवर तो नको वाटतो.

या ओळी कोण अडवून धरतंय, ते कुठे बघायचं? आणि बॅकअप म्हणून फक्त रात्रीचा 'पीजी_डम्प' आहे. पुढे आधी रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर सतत ताजी राहणारी प्रत, म्हणजे रेप्लिका) शिकू की वॉल अर्काइव्ह (बदलांच्या नोंदींच्या, म्हणजे वॉलच्या, फाइली साठवून ठेवणं)?

प्रतिसाद:
ताई, स्केल फॅक्टरचा यात दोष नाही. एखादं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असेल, तर त्याला दिसू शकतील अशा ओळी व्हॅक्यूम काढतच नाही, कितीदाही चालवा. 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार यादी लावा आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काही चालू नाही) अवस्थेतलं सगळ्यात जुनं सेशन शोधा. तिथे नसेल तर कुणी वापरत नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठवर पोचली ती नोंद ठेवणारा) बघा. तो वॉल फाइलीही अडवून डिस्क भरवतो. सेशन कुणाचं ते विचारूनच बंद करा. नंतर साधा व्हॅक्यूम पुरतो. फाइल सहसा लहान होणार नाही, पण आतली जागा पुन्हा वापरात येईल.

आधी वॉल अर्काइव्हच शिका. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून केलेलं डिलीट तिथेही लगेच पोचतं. 'पीजी_बेसबॅकअप'ने सगळ्या डेटा फाइलींची प्रत घ्या आणि वेगळ्या मशीनवर ठरावीक वेळेपर्यंत रिस्टोर करून बघा. रिस्टोर करून न पाहिलेल्या बॅकअपवर मी कधीच विसंबत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
सापडलं! रिपोर्टच्या टूलचं सेशन कालपासून कमिट न करता उघडं होतं. ते बंद करून व्हॅक्यूम चालवला आणि आकडा झरकन खाली आला. मनापासून आभार. असं रिकामं बसलेलं सेशन ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडणारा 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' मुळात बंदच असतो असं दिसतंय. तो फक्त रिपोर्टच्या रोलपुरता (डेटाबेसमधल्या त्या यूजरपुरता) लावला तर चालेल ना?