खजुरी बाजारातलं रंगवलेलं पुस्तक: घ्यावं की नाही?

रामबागकर:
मुलगी यंदा एमपीपीएससीला, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसतेय. इथल्या, इंदूरच्या खजुरी बाजारातून इतिहासाचं जुनं पुस्तक निम्म्या किमतीत आणलं. घरी उघडलं तर आधीच्या मालकानं पिवळ्या हायलायटरनं पानंच्या पानं सारवलेली. दुकानदार म्हणाला होता, "भिया, मेहनत आधीच झालीय, फक्त वाचायचं." मला ते पटत नाही. आपण वाचायला बसतो आणि डोळा दुसऱ्याच्या बोटाला धरून चालतो. १९९७ साली सिल्व्हर्स आणि क्राइनर या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. भलत्याच ओळी रंगवलेला उतारा वाचणाऱ्यांना तो कमी समजला, आणि 'रंगाकडे लक्ष देऊ नका' असं आधी बजावूनही फरक पडला नाही. मुलीचं म्हणणं, रंगवलंय म्हणजे महत्त्वाचं असणारच. मी म्हणतो पुस्तक बदलू.

भंवरकुआंचा सर:
काका, मी कोचिंगमध्ये शिकवतो. खुणा नसलेलं पान दिलं तर पोरं पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतात. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा १९७२ चा प्रयोग घ्या. वस्तूंचे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, असला एक उतारा होता. ऐकणाऱ्याला काही केल्या उमजेना. 'हे कपडे धुण्याबद्दल आहे' एवढं आधी सांगितलं की समजायचाही आणि आठवायचाही. उतारा संपल्यावर सांगून उपयोग झाला नाही. म्हणजे खूण वेळेवर मिळाली तर अर्धं काम तीच करते. तुमची मुलगी नशीबवान आहे.

रामबागकर:
सर, तो मथळा झाला. तो लेखक देतो, त्याला पुढचं सगळं प्रकरण ठाऊक असतं. माझ्या पुस्तकातल्या रेघा कुणा परीक्षार्थीच्या, बहुधा आदल्या रात्रीच्या. दोन्हींना एकाच मापानं मोजू नका.

मोडीवाली आजी:
मध्येच बोलते. आमच्या घरी होळकरी काळातले मोडी कागद होते. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही. माझे वडील बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडी या इंग्रजानं, एकोणिसाव्या शतकात. त्याच्या आधी वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं! त्या कष्टामुळे मजकूर पाठ व्हायचा, असं वडील म्हणत. मला वाटतं डोळे जायचे. खुणा हव्यातच, बाई.

पोहे-जिलबी:
तुम्ही सगळे चुकताय 🙂 रेघ कोणाचीही असो, तिचा फायदा थोडाच. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं, दोन्ही कमी उपयोगाच्या यादीत गेले. वरच्या यादीत दोनच: स्वतःची परीक्षा घेणं आणि दिवसांचं अंतर ठेवून उजळणी. शिवाय सारवलेल्या पानाचं तर बोलूच नका. फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईंनी १९३३ मध्येच दाखवलं की चारचौघांत वेगळं दिसतं ते लक्षात राहतं. अख्खं पान पिवळं केल्यावर वेगळं काय उरलं?

भंवरकुआंचा सर:
सारवणं चूक, मान्य. पण रेघेला सरसकट बाद करू नका. १९७४ चा फाउलर-बार्करांचा अभ्यास आहे. स्वतः ओळी रंगवणाऱ्यांना त्या ओळींवरचे प्रश्न जास्त जमले, दुसऱ्याने रंगवलेलं वाचणाऱ्यांना तितके नाही. कारण रेघ मारण्याआधी 'मारू की नको' हे ठरवावं लागतं. अभ्यास तिथं होतो.

रामबागकर:
सर, हे तर माझ्याच बाजूचं झालं!
आज मुलीला विचारलं, होळकर आणि इंग्रजांमधला मंदसौरचा तह कधी झाला? फटकन उत्तर: ६ जानेवारी १८१८. कशानंतर? महिदपूरच्या लढाईनंतर. छान. त्यात होळकरांच्या हातून काय गेलं? गप्प. पुस्तक उघडलं तर तारीख पिवळी, लढाई पिवळी, आणि खानदेशसकट सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख गेला हे वाक्य त्याच्याच खाली, कोरं.

पोहे-जिलबी:
तारीख तर सगळेच रंगवतात, काका. कोऱ्या पुस्तकात तिनंही तीच रंगवली असती.

रामबागकर:
असेल. तरी ती चूक तिची असती, तिला सापडली असती. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. उद्या कोरी प्रत आणि एक पेन्सिल आणतो. पिवळी प्रत कोणाला हवी असेल तर रामबागेत या, फुकट देतो.

मोडीवाली आजी:
मला द्या. एवढ्या पिवळ्यात अक्षर तरी मोठं दिसेल.