झोपणाऱ्याला आळशी म्हणणं बंद करा: टोनोनींच्या कामावर माझं मत

खानापूरचा मास्तर:
आठवीच्या वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या पोराला मी स्वतः उभं केलेलं आहे. नंतर कळलं, थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून तो बापाबरोबर उसाला पाणी पाजायला जातो. ते मनाला फार लागलं. तेव्हापासून ज्युलिओ टोनोनी यांचं काम वाचतोय. जन्म 1960, इटलीतल्या ट्रेंटोचे, मानसोपचारतज्ज्ञ. अमेरिकेत मेंदूवर काम करणारे शास्त्रज्ञ जेराल्ड एडलमन यांच्याबरोबर काम केलं, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात स्थिरावले. 2003 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी क्यारा चिरेल्लींनी मांडलं की दिवसभर शिकताना मेंदूतल्या पेशींचे जोड घट्ट होत जातात, ते सांभाळायला ऊर्जा आणि जागा जास्त लागते. गाढ झोपेत ते सैल होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी नवं शिकता येतं. 2017 मध्ये त्यांच्याच चमूने उंदरांच्या मेंदूतले जोड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. झोपेनंतर सरासरी 18 टक्के लहान! सर्वांत मोठे जोड तेवढे तसेच राहिले होते. रात्र शेतात काढलेल्या पोराला मी गणित कुठं शिकवू?

उद्यमबाग नाईट शिफ्ट:
मास्तर, पोराबद्दलचं पटलं, सिद्धांताबद्दलचं नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या चमूने उंदरांतच दाखवलं की शिकल्यानंतरच्या झोपेत नवे जोड तयार होतात. म्हणजे झोप नुसती सैल करत नाही, बांधतेही. आणि टोनोनींचं दुसरं काम, 2004 पासूनचा जाणिवेचा सिद्धांत, तो तर मला मान्यच नाही. मेंदूतली माहिती किती एकसंध आहे त्याचं माप म्हणजे 'फाय', आणि जिथे फाय तिथे जाणीव. हे फाय खऱ्या मेंदूत मोजणं अशक्य आहे. 2023 मध्ये शंभरावर अभ्यासकांनी पत्र काढून याला छद्मविज्ञान म्हटलं.

निपाणीची सिस्टर:
पत्रावर सह्या जमल्या म्हणून कुठलीही कल्पना खोटी ठरत नाही, दादा. त्या सिद्धांतातून काय निघालं ते बघा की. 2005 मध्ये संशोधक मास्सिमिनी आणि टोनोनी यांनी जाग्या आणि झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर चुंबकीय ठोका दिला. जागेपणी त्याचा पडसाद मेंदूभर फिरला, गाढ झोपेत जिथल्या तिथे विझला. त्यावरूनच 2013 मध्ये एक मोजमाप आलं. बोलू-हलू न शकणाऱ्या रुग्णात जाणीव उरली आहे का, याचा अंदाज त्याने घेता येतो. मी आयसीयूत काम केलंय. "ऐकू येतं का हो त्यांना?" हा प्रश्न नातेवाईक दाराशी धरून विचारतात. मला तेव्हा उत्तर देता आलेलं नाही.

हिंडलग्याचा वाचक:
हे मांडूक्य उपनिषदात आहेच. जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि त्यापलीकडची चौथी तुरीय.

खानापूरचा मास्तर:
अवस्था ओळखल्या होत्या, त्याचा मला अभिमान आहे. पण सुषुप्तीत पडसाद किती लांब जातो हे त्यात नाही, ते मोजावंच लागलं. दोन्हींना एकाच पोत्यात घालू नका. दोघांवरही अन्याय होतो.

उद्यमबाग नाईट शिफ्ट:
सिस्टर, ते मोजमाप मी मान्य करतो. पण ते खरं ठरलं म्हणून फाय खरं ठरत नाही, दुसऱ्या सिद्धांतांतूनही तेच अपेक्षित आहे. माझं एवढंच म्हणणं, उद्या कोणी फाय खोडून काढलं तर "मग झोपेचंही खोटंच" असं आमचा सुपरवायझर म्हणेल. मी अकरा वर्षं फाउंड्रीत रात्रपाळी केली. दिवसा पडदे लावून झोपलं तरी ती झोप तुटकी, उथळ. अंगाचं घड्याळ सूर्याबरोबर चालतं, शिफ्टबरोबर नाही. एवढ्यासाठी जाणिवेचा सिद्धांत कशाला लागतो?

खानापूरचा मास्तर:
लागत नाही, हे मानतो. तरी जाणिवेचा विचार करणाऱ्यानेच झोपेवर आयुष्य घालवलं, ते मला मोठं वाटतं. रोज रात्री जाणीव मावळते आणि मेंदू तर चालूच असतो, मग नेमकं काय बदलतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बाकी, गणिताचा तास मी तिसरा करून घेतलाय.

उद्यमबाग नाईट शिफ्ट:
आणि लाईट? दिवसा थ्री फेज मिळावी म्हणून अर्ज द्या. कन्नडमध्ये लागेल, मी लिहून देतो. फाय त्यात घालणार नाही, पोराच्या झोपेचे तास घालतो. गावातून सह्या तुम्ही गोळा करा.