पाठ रुंद करायला पुलअप्सचे कुठले प्रकार? माझे हातच आधी संपतात

सिंगलबार

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. बरेच महिने झाले घराजवळच्या बागेतल्या ओपन जिममध्ये सिंगल बारवर पुलअप्स मारतोय. वय ३१, वजन ७६ किलो, सलग सहा-सात निघतात. अडचण अशी की दरवेळी दंड आणि फोरआर्म आधी गळपटतात आणि पाठीला काम झालंय असं वाटतच नाही, दुसऱ्या दिवशी दुखतात तेसुद्धा बायसेप्सच. बागेतला एकजण म्हणतो ग्रिप जेवढी रुंद तेवढी पाठ रुंद होणार, दुसरा म्हणतो चिनअप मार, तिसरा म्हणतो मानेमागून मार. तिघांचीही शरीरं चांगली आहेत त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना. जिम लावायचा विचार सध्या नाही. बार आहे, दोन रेझिस्टन्स बँड (ताणले जाणारे रबरी पट्टे) आहेत, आठवड्यातले तीन दिवस देऊ शकतो. मला आकडा वाढवायची घाई नाही, पाठ बनवायचीय. कुठले प्रकार करू?

तालीमकट्टा

दादा, प्रकार निवडायच्या आधी एक गोष्ट बघ, कारण ती नीट नसेल तर कुठलाही प्रकार केलास तरी दंडच दुखणार. बारला लटकलास की पहिली हालचाल कोपरातून होते की खवाट्यातून? बहुतेक लोक लटकले की लगेच कोपर वाकवतात, मग सगळं ओझं दंडावर. लॅट हा स्नायू कमरेच्या हाडापासून आणि पाठीच्या खालच्या मणक्यांपासून निघतो आणि वर काखेतून पुढे जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो, म्हणजे त्याचं काम दंड खाली आणि अंगाजवळ ओढायचं. हात कोपरात वाकवणं हे त्याचं कामच नाही. म्हणून हनुवटी बारच्या वर न्यायचीय असा विचार सोड आणि दोन्ही कोपरं खाली पँटच्या खिशात घालायचीत असा विचार करून ओढ.

हे अंगात भिनवायला स्कॅप्युलर पुलअप कर. हात सरळ ठेवून लटकायचं, कोपर अजिबात वाकवायचं नाही, फक्त खांदे कानापासून खाली ओढायचे, अंग दोन-तीन इंच वर येतं, एक सेकंद थांबायचं आणि परत सैल. दिसायला काहीच नाही पण आठ-दहा नीट केलेस की काखेच्या मागे कुठे काम होतंय ते कळेल. प्रत्येक वेळी वॉर्मअपमध्ये दोन सेट.

आता रुंद ग्रिपचं. खांद्यापेक्षा थोडी रुंद, फार तर दीडपट, बास. त्यापेक्षा हात लांब नेलेस तर हालचालच अर्धी होते, स्नायूला खालून वरपर्यंत काम मिळत नाही आणि खांद्याला त्रास तो वेगळा. मानेमागून तर मारूच नकोस, त्यात पाठीला जास्तीचं काही मिळत नाही आणि खांदा अवघड कोनात अडकतो. चिनअप (तळवे आपल्याकडे) वाईट नाही, लॅटला त्यातही चांगलं काम आहे, पण बायसेप्स आणि छातीचा वाटा वाढतो, तर तळवे समोर ठेवून मारलेल्या पुलअपमध्ये ट्रॅप्सच्या (मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू) खालच्या भागाला जास्त काम मिळतं. तुझे दंड आधीच पुढे पळतायत, म्हणून सध्या मुख्य व्यायाम साधा पुलअप ठेव.

आणि उतरताना धपकन पडू नकोस, खरी पाठ उतरताना बनते असं मला मनापासून वाटतं. तीन सेकंद मोजून खाली ये, हात पूर्ण सरळ होऊ देत, मग पुढचा. असं केलंस की सातचे चार होतील, होऊ दे. चार-चारचे पाच सेट मार, मध्ये दोन-अडीच मिनिटं विश्रांती घे.

बीम_भरती

वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. मी भरतीची तयारी करतो, आमच्याकडे याला बीमच म्हणतात. अग्निवीरच्या ग्राउंडला १० बीमला ४० पैकी ४० मार्क, ९ ला ३३, ६ ला १६ आणि सहाच्या खाली गेलात तर बाहेर. त्यामुळे आमची सगळी प्रॅक्टिस आकड्यासाठी असते, कमी ताकदीत जास्त बीम कसे निघतील ते बघायचं. पाठ बनवणाऱ्याने बरोबर उलटं करायचं असतं, प्रत्येक बीम जितका अवघड करता येईल तितका करायचा, पाय हलवायचे नाहीत, झोका घ्यायचा नाही. भरतीची पोरं बघून त्यांचा स्पीड उचलू नका भाऊ, त्यांचा हिशोब वेगळा आहे.

अजून एक, ओपन जिमचे पाइप जाड असतात आणि वर ऑइलपेंट, हात घसरतो म्हणून फोरआर्म लवकर संपतो. चॉक पावडर लावा, नाहीतर निदान कोरडा रुमाल जवळ ठेवा आणि प्रत्येक सेटआधी घाम पुसा. फरक पडतो. सगळं झाल्यावर शेवटी नुसतं लटकत जा, होईल तेवढा वेळ, पकड वाढते.

शून्यापासून

मी लिहिते कारण बँड आहेत म्हणालात. मी एकही पुलअप येत नव्हता तिथून सुरुवात केली, आता पाच स्वच्छ निघतात. बँड बारला अडकवून त्यात पाय ठेवला की तो आपल्याला वर उचलायला मदत करतो, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, तो खाली लटकताना सगळ्यात जास्त ताणलेला असतो म्हणून तिथेच सगळ्यात जास्त उचलतो, आणि वर गेलात की मदत जवळपास संपते. म्हणजे खालचा भाग कच्चा असेल तर बँडवर तो कच्चाच राहतो. त्यामुळे फक्त बँडवर विसंबू नका. मुख्य सेट बँडशिवाय मारा, आणि शेवटी दमल्यावर बँड लावून आठ-दहाचा एखादा सेट करा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे कारण तेव्हा फॉर्म न बिघडवता पाठीला अजून काम देता येतं.

आणि कमरेएवढ्या उंचीचा बार असेल बागेत (डबल बारसुद्धा चालतो) तर त्याखाली आडवं होऊन इनव्हर्टेड रो नक्की करा, छाती बारला लावायची, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ. पुलअपने पाठीला रुंदी येते पण दोन खवाट्यांमधला भाग भरायला अशी आडवी ओढ लागतेच. नुसत्या पुलअप्सवर राहणाऱ्यांची पाठ मधे सपाट राहते हे मी पुष्कळांचं बघितलंय. जेवणाकडेही बघा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला १२० ग्रॅमच्या जवळपास. वरणभातात तेवढं होत नाही, अंडी, पनीर, चिकन, सोयाबीन यातलं काहीतरी रोज लागेल.

सिंगलबार

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर लिहिलंत. दोन आठवडे तालीमकट्टा दादांनी सांगितलं तसं करतोय, स्कॅप्युलर आणि हळू उतरणं. काखेच्या मागे पहिल्यांदा दुखलं, इतका आनंद झाला! शून्यापासून ताई, रो सुद्धा सुरू केलेत. आता दोन प्रश्न. कोपराच्या आतल्या बाजूला हल्ली थोडं ठणकतं, विशेषतः शेवटी चिनअप मारतो तेव्हा, काय करू? आणि वजन बांधून कधी सुरू करायचं?

फिजिओ_नाशिक

कोपराबद्दल मी सांगतो. आतल्या बाजूचं दुखणं बहुतेक वेळा बोटं आणि मनगट वाकवणाऱ्या स्नायूंचे कंडरे जिथे हाडाला चिकटतात तिथलं असतं. सरळ बारवर चिनअप मारताना मनगट पूर्ण फिरलेल्या अवस्थेत अडकतं आणि ताण तिथे जातो. चिनअप काही आठवडे पूर्ण बंद करा. त्याऐवजी तळवे एकमेकांकडे तोंड करून मारता आले तर उत्तम, बागेत तसे दांडे नसतील तर लाकडी जिम्नॅस्टिक रिंग्ज घ्या आणि त्याच बारला पट्ट्याने लटकवा. रिंगमध्ये मनगट आपल्या सोयीने फिरतं, म्हणून दुखऱ्या कोपराच्या माणसांना मी तेच सांगतो. एकूण सेट तिसऱ्या हिश्शाने कमी करा, पण पूर्ण विश्रांती घेऊन बसू नका, कंडऱ्याला हलका भार मिळत राहिला तर तो लवकर सावरतो. रोज एक-दोन किलोचं डंबेल किंवा भरलेली पाण्याची बाटली घ्या, हात मांडीवर, तळवा वर, आणि मनगट अगदी हळू खाली सोडा, पंधराचे तीन सेट. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर मात्र नसेचा प्रश्न असू शकतो, मग इथे न विचारता डॉक्टरांना दाखवा.

तालीमकट्टा

वजनाची घाई कोपर शांत झाल्यावर. तीन सेकंद उतरून, झोका न घेता दहा निघायला लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये एक-एक लिटरच्या दोन बाटल्या टाक, दोन किलो झाले. सॅकचे पट्टे घट्ट आवळ, नाहीतर ती मागे झुलते आणि कंबर वाकते. त्या वजनावर सहा-आठचे चार सेट जमले की अजून एक बाटली. मध्ये बदल हवा असेल तर आर्चर पुलअप कर, एका हाताकडे अंग न्यायचं आणि दुसरा हात सरळ ठेवायचा, पण आधी बँड लावून, कारण एका बाजूवर भार बराच येतो. एल-सिट पुलअपसुद्धा चांगला, पाय समोर सरळ धरले की झोका घेताच येत नाही. हे दोन्ही आठवड्यातून एकदाच, मुख्य काम साध्या पुलअपचंच राहू दे. आणि रिंग्ज घेतल्यास तर बागेतल्या बारची वेल्डिंग एकदा हाताने हलवून बघ, गंज धरलेला बार असेल तर त्यावर वजन बांधून लटकू नकोस.