हेपबर्नला कोणी सांभाळून वगैरे घेतलं नाही
कोणीतरी म्हटलंय की हॉलिवूडची नटी कॅथरीन हेपबर्न टिकली ती स्टुडिओने सांभाळून घेतलं म्हणून. नाही पटलं. १९३८ मध्ये थिएटरमालकांनी चक्क जाहिरात देऊन तिला बॉक्स ऑफिसचं विष (म्हणजे हिचे सिनेमे चालत नाहीत) ठरवलं होतं, तेव्हा बाईने पदरचे पैसे भरून आरकेओ स्टुडिओचं कॉन्ट्रॅक्ट तोडलं न् सरळ न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, म्हणजे नाटकांची दुनिया गाठली. तिथे 'द फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक तुफान चाललं आणि त्याचे सिनेमाचे हक्क तिच्याच हातात (तिचा मित्र, श्रीमंत निर्माता हॉवर्ड ह्यूजने घेऊन दिलेले), मग एमजीएम स्टुडिओला ते विकताना हिरॉईन मीच हे आधी कबूल करून घेतलं. पक्की व्यवहारी!

बाकी ऑस्कर ४ मिळाले पण घ्यायला एकदाही गेली नाही, १९७४ ला गेली ती दुसऱ्याला पुरस्कार द्यायला, तेही पँट घालून.