फुलपाखरं हा पतंगांचाच एक गट, मग तो तक्ता कशाला?

निशाचर
‘फुलपाखरू आणि पतंग यांतील फरक स्पष्ट करा’ हा शाळेतला प्रश्न आणि त्याचा दोन रकान्यांचा तक्ता आता बंद व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अकितो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी १८६ जातींची २,०९८ जनुकं ताडून वंशवृक्ष मांडला. त्यात पतंगांच्या फांद्याच फांद्या आहेत, आणि सगळी फुलपाखरं त्यांतल्या एका फांदीवर. तुतीच्या रेशमाचा पतंग फुलपाखरांना जितका जवळचा, तितका जबड्याने परागकण चावणाऱ्या मायक्रोप्टेरिजिडी कुळातल्या चिमुकल्या पतंगांना नाही. मग दोन रकाने कसले? ‘कोल्हापूरकर आणि मराठी माणूस यांतील फरक सांगा’ असं झालं हे.

सह्यभटक्या
असहमत. वंशावळ वेगळी, ओळख पटवणं वेगळं. फुलपाखरांच्या गणनेला नवखी पोरं येतात, त्यांना मी आधी मिशा बघायला सांगतो. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू, दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतील तर पतंग. बहुतेक वेळा जमतं. रानात जनुकं कुठे तपासत बसणार?

निशाचर
तक्त्यात ‘पतंग रात्री, फुलपाखरू दिवसा’ हेही असतं ना? सह्याद्रीत निळा ‘ब्लू टायगर मॉथ’ भर दिवसा उडतो. ‘इव्हिनिंग ब्राऊन’ हे फुलपाखरू तिन्हीसांजेला बाहेर पडतं, दिव्यावरही येतं. आणि मिशांचं म्हणाल, तर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हेडिलिडी कुळ बघा. मिशा दोऱ्यासारख्या, रंग मळकट, बहुतेक जाती रात्री उडणाऱ्या. जनुकांनुसार ही फुलपाखरंच.

दगडधोंडे
हेडिलिडीचं श्रेय जनुकांना देऊ नका. कीटकशास्त्रज्ञ माल्कम स्कोबल यांनी १९८६ मध्येच शरीररचनेवरून ते सुचवलं होतं. त्याआधी ती जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगांत मोडायची. आणि तारखांच्या बाबतीत जरा जपून. त्याच वंशवृक्षात पहिले पतंग सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे ठरतात. २०१९ मध्ये हाती असलेले सर्वांत जुने पंखांचे खवले, जर्मनीतले, होते सुमारे २० कोटी वर्षांचे. मधली १० कोटी वर्षं तेव्हा निव्वळ गणितावर उभी होती.

निशाचर
तारखा मागेपुढे होतील, फांद्यांची मांडणी त्यामुळे मोडत नाही. वटवाघळांच्या भीतीने फुलपाखरं दिवसा उडू लागली, असं एक मत होतं. फुलपाखरं निघाली सुमारे १० कोटी वर्षांची, आणि वटवाघळांचे सर्वांत जुने जीवाश्म साधारण सव्वापाच कोटींचे. एवढी तफावत थोड्याफार चुकीने भरून निघेल?

दगडधोंडे
ती नाही भरणार, मान्य. पण वटवाघळांचे जीवाश्म मुळात दुर्मीळ. सर्वांत जुना सापडलेला म्हणजे पहिलं वटवाघूळ नव्हे.

खडूफळा
मी सातवीला विज्ञान शिकवते. तक्ता काढू नका. तो नसेल तर मुलं पतंगाकडे बघणारही नाहीत, झाडूने मारतील. मी तक्ता लिहून देते आणि त्यात न बसणारा किडा शोधून आणायला सांगते. पावसाळ्यात वर्गात काड्यापेट्यांचा ढीग पडतो. वंशवृक्ष मी त्यानंतर फळ्यावर काढते, आधी नाही.