मदत हवी आहे : फ्रेंच ‘आले’ (जाणे) – ‘जेवायला जातेय’ की ‘जेवणार आहे’?

नमस्कार. अकरावीला फ्रेंच घेतलंय. ‘आले’ची वर्तमानकाळातली रूपं पाठ आहेत : ज्य वे, त्यु व्हा, इल व्हा, नूझालों, वूझाले, इल व्हों. वाक्यात वापरताना मात्र अडतं. ‘ज्य वे आ पारी’ म्हणजे मी पॅरिसला जाते की जातेय? आणि ‘ज्य वे मांजे’? पुस्तकात ‘मी जेवणार आहे’ एवढंच दिलंय, पण ‘जेवायला जातेय’ असाही अर्थ निघतो ना? शिवाय मूळ रूप ई-आरने संपतं, तरी हे पार्ले (बोलणे), मांजे (जेवणे) या नियमित क्रियापदांसारखं का चालत नाही? परीक्षा जवळ आलीय, कृपया कुणीतरी समजावून सांगा.

प्रतिसाद १ :
तुमची शंका रास्त आहे, दोन्ही अर्थ निघतात. जाते आणि जातेय हा फरक फ्रेंच क्रियापदात दिसतच नाही. ‘तू ले जूर’ (रोज) आलं की जाते, ‘मॅंत्नाँ’ (आत्ता) आलं की जातेय. ‘ज्य वे मांजे’चं तसंच, मागचापुढचा संदर्भ बघायचा. ‘इल व्हा प्लव्वार’ म्हणजे पाऊस पडणार आहे. इथे जाणारं कुणी नाही, त्यामुळे भविष्यच. ‘ज्य वे आले आ पारी’ हेही शुद्ध वाक्य आहे : मी पॅरिसला जाणार आहे. निघालेच आहे हे ठासून सांगायचं तर आधी जागा सांगा, मग हेतू : ‘ज्य वे ओ रेस्तोराँ पूर मांजे’ (मी रेस्टॉरंटमध्ये जातेय, जेवायला).

आणि वूझालेमधला झ ‘झरा’तला. तो एरवी मुका असलेला एस आहे, पुढे स्वर आला की बोलतो.

प्रतिसाद २ :
अनियमितपणाचं कारण जुनं आहे. वे, व्हा, व्हों ही रूपं लॅटिनच्या ‘वादेरे’वरून आली, नूझालों-वूझाले वेगळ्या मुळातून. भविष्यकाळातलं ‘जिरे’ (मी जाईन) तिसऱ्याच, ‘ईरे’ या धातूतून. आपल्याकडेही जातो आणि गेला कुठे एका धातूचे आहेत? म्हणून नियम शोधत बसू नका, सहाही रूपं सर्वनामासकट मोठ्याने म्हणा.

धागाकर्ती :
खूप आभार! मग ‘मी जेवणार नाही’ला ‘ज्य वे न मांजे पा’ चालेल?

प्रतिसाद १ :
नाही. नकार नेहमी ‘वे’च्या दोन्ही बाजूंना : ‘ज्य न वे पा मांजे’. लेखी परीक्षेत ‘न’ गाळू नका, बोलताना फ्रेंच लोक सर्रास गाळतात.